चिखल्यांवरचं मलम

सन एकोणीसशे तेराच्या आषाढात पेठेतल्या उत्तमशेठचा एक अर्ज जव्हारच्या कचेरीत आला आणि चार टेबलांवरून फिरून शेवटी भास्कर कारकुनापुढे येऊन पडला. तसला अर्ज कचेरीत पूर्वी कोणी पाहिला नव्हता. दारूचा मक्ता मागणारे येत, लाकडाचा मागणारे येत. उत्तमशेठला मलमाचा मक्ता हवा होता. पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, त्यावर आपण एक मलम शोधून काढलं आहे, भाताच्या आवणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलं तरी ते पायावरून धुऊन जात नाही, सबब पुढली दहा वर्षं संस्थानात ते दुसऱ्या कोणी करू नये आणि विकू नये असा हुकूम व्हावा, असं त्याने लिहिलं होतं. सोबत पत्र्याच्या डबीत नमुना होता आणि लाखेने बंद केलेल्या पाकिटात कृती.

हे काम भास्करकडे आलं त्याला कारण होतं. ऐन उमेदीची चार वर्षं तो मुंबईला एका सॉलिसिटरकडे नकला करायला होता. तिथे साबणाचे, केसांच्या तेलाचे, विहिरीवरच्या पंपाचे पेटंटचे कागद त्याच्या हाताखालून गेले होते. वडील गेले तेव्हा त्याला परत यावं लागलं, पण इंग्रजी कायदा जाणणारा माणूस म्हणून कचेरीत त्याला एक वेगळा मान होता आणि तो त्याला आवडत असे.

संस्थानच्या कारभाऱ्यांनी त्याला आत बोलावून सांगितलं, "आपल्याकडे असला कायदा नाही, पण कसोटी इंग्रजी मुलखातलीच लावा. वस्तू नवी आहे का, आणि नवी असली तरी कुणाही जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी आहे का, एवढंच पाहायचं. सहज सुचण्यासारखी असेल तर मक्ता नाही. जाऊन या, विचारून या आणि एका कागदात बसेल एवढं लिहा."

भास्करने पाकीट उघडलं आणि त्याला हसूच आलं. मोहाच्या बियांचं तेल, मध काढल्यावर उरतं ते मेण आणि चुन्याची निवळी, म्हणजे चुना पाण्यात बसला की वर राहतं ते स्वच्छ पाणी. बस्स. भाजल्यावर खोबरेल तेलात चुन्याची निवळी फेटून लावतात हे त्याच्या घरात पोराटोरांना माहीत होतं. मोहाचं तेल डोंगरातल्या प्रत्येक घरात, भेगांना मेण लावणंही जुनंच. तीन जुन्या गोष्टी एकत्र केल्या म्हणून त्या नव्या होत नाहीत, असं त्याने मुंबईला कितीतरी वेळा सुबक अक्षरात उतरवलं होतं. अहवाल तिथेच बसून लिहिता आला असता.

पण त्या दिवशी घरी त्याने सहज बायकोला, जानकीला, कृती वाचून दाखवली. ती म्हणाली, त्यात काय मोठं, आता करून दाखवते. तिने केलं. घटकाभरात तेल वर आणि पाणी खाली. दुसऱ्या दिवशी मेण जास्त घालून केलं, तर त्याच्या गुठळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी जानकीने पातेलं मोरीत ओतलं आणि हा नाद सोडून द्या म्हणाली. उत्तमशेठच्या डबीतलं मलम मात्र लोण्यासारखं पांढरं आणि घट्ट होतं. भास्करने ते हाताच्या मागच्या बाजूला लावून वर तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याचे थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळून गेले.

तेव्हा तो उत्तमशेठच्या दुकानी गेला. उत्तमशेठ मोकळा माणूस होता, काही लपवायचा त्याचा स्वभाव नव्हता. तेल कोमट हवं आणि निवळी थेंब थेंब घालत एका दिशेने रवी फिरवायची, हे त्याने विचारल्याबरोबर सांगितलं. हे तुम्हाला कसं सुचलं, असं भास्करने विचारलं तेव्हाही तो अडखळला नाही. वांगणीची पोशी म्हणून एक बाई आहे, तिचं माहेर मोखाड्याकडे, ती मोखाड्याच्या बाजारात पानाच्या द्रोणांतून हे विकते, तिला विचारलं, असं तो म्हणाला.

"अर्जात तर तुम्ही शोधून काढलं असं लिहिलंय," भास्कर म्हणाला.

"मी विचारलं, तिने सांगितलं. वर मी तिला दोन पायल्या मीठ दिलं. याला चोरी म्हणता येईल का, भास्करराव? ती ते द्रोणात घालून चार गावांत देते. डबीत मी भरलं, कागदावर मी आणलं. मी नसतो तर तुम्हाला तरी त्याचं नाव कळलं असतं का?"

 उत्तमशेठचं बोलणं भास्करला पटलंही नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. त्याने वांगणीला जायचं ठरवलं.

जव्हारहून सकाळी निघून दिवस कलताना तो वांगणीला पोचला. वाट म्हणजे नुसता चिखल होता. तीन ठिकाणी ओढे उतरावे लागले, जोडे हातात घ्यावे लागले, ओले जोडे पुन्हा पायात घालावे लागले. पाटील देवरामने त्याची व्यवस्था आपल्या पडवीत केली आणि पाड्यावरची माणसं बोलावली. भास्करने पत्र्याची डबी उघडून सगळ्यांना दाखवली आणि हे इथे कोण कोण करतं, कधीपासून करतं, असं विचारलं.

कोणीच करत नव्हतं. बायांनी डबीत डोकावून पाहिलं आणि माना हलवल्या. एका म्हातारीने तर असलं पांढरं काही आपण जन्मात पाहिलं नाही असं सांगितलं, आणि सांगताना तिच्या दोन्ही पायांच्या बोटांत तेच पांढरं दिसत होतं. भास्करला राग आला नाही. कचेरीतला माणूस एखाद्या वस्तूची चौकशी करायला आला की पुढे त्या वस्तूवर काहीतरी बंधन येतं, हे पाड्याला ठाऊक होतं. पोशी कोण, असं त्याने विचारलं. ती गर्दीत मागे उभी होती, पन्नाशीकडे झुकलेली, उंच, काटक. तिनेही नाय म्हणून सांगितलं.

सकाळी भास्करला जोडे घालवेनात. बोटांच्या बेचक्यांत कातडी उकलली होती आणि पाय टेकला की आग डोक्यापर्यंत जात होती. देवराम काठी द्यायला लागला. तेवढ्यात पोशी भाताच्या रोपांची जुडी डोक्यावर घेऊन अंगणातून चालली होती, तिने त्याचे पाय पाहिले. ती थांबली. जुडी खाली ठेवून घरी गेली आणि द्रोण घेऊन आली. कारकुनाच्या पायाला हात कसा लावायचा, असा काही विचार तिने केला नाही, पाय पुसले, एकेका बेचक्यात मलम भरलं आणि म्हणाली, "आता चल माझ्यासंगं खाचरात. दिसभर उभा राह्य. मंग इचार काय इचारायचं तं."

डोंगरातल्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, हे भास्करला माहीत होतं. तो गेला. दिवसभर तो खाचरात गुडघाभर चिखलात उभा होता. पोशी, तिची लेक चैती आणि शेजारची कमू आवणी करत होत्या. दुपारपर्यंत त्याच्या पायांची आग थांबली. संध्याकाळी ओढ्यावर पाय धुतले तर चिखल गेला आणि मलम राहिलं.

ओढ्याच्या दगडावर बसून त्याने तिला सांगितलं की बंधन घालायला आपण आलेलो नाही. उत्तमशेठचा अर्ज काय आहे तेही सांगितलं. तिला मक्ता म्हणजे काय ते समजावायला वेळ लागला नाही. दारूच्या मक्त्याने तेवढं शिक्षण सगळ्या डोंगराला दिलं होतं. ती म्हणाली, "ते मी काढलं. दुसऱ्या कोनी नाय."

मग तिने सांगितलं ते असं. चैती लहान असताना दर आवणीला तिचे पाय सडत. एका वर्षी तर बोटं जातील की काय असं झालं. नुसतं मोहाचं तेल लावलं तर चिखलात उतरल्याबरोबर निघून जाई. पुढल्या पावसाळ्यात पोशीने तेलात मेण घातलं. ते राहिलं, पण त्याखाली पाणी धरे आणि कातडी आणखीच कुजे. तेव्हा तिने तो नाद सोडला होता. त्यानंतर एकदा ती तेलाचं मडकं धूत होती. तेलकट मडक्याला बाया चुन्याचं पाणी लावतात. लावलं की तेलाचं पांढरं चिकट काहीतरी होतं, हातांना बसतं आणि काही केल्या निघत नाही. त्याला सगळ्याच शिव्या देतात. त्या दिवशी तिच्या मनात आलं, जे हातावरून निघत नाही ते पायावरून कसं निघेल.

"सगळ्यांनीच पाह्यलं होतं ना ते?" भास्करने विचारलं.

"रोज पाह्यत. मीबी धा वर्सं पाह्यलं."

चुना कातडी जाळतो, म्हणून लेकीच्या पायावर तिने आधी लावलं नाही. स्वतःच्या डाव्या पायावर लावलं. चुना जास्त झाला होता. तिने भास्करला पाय उलटा करून दाखवला. तळव्यावर वीतभर जागा गुळगुळीत, गुलाबी, निर्जीव होती. त्या वर्षी महिनाभर तिला खाचरात उतरता आलं नाही आणि आवणी नवऱ्याने एकट्याने केली, त्यावरून घरात जे झालं तेही तिने थोडक्यात सांगितलं. मग तळाचा चुना न वापरता वरची निवळी घ्यायची, ती किती दिवसांची असावी, तेल किती कोमट असावं, हे एकेक करत तिसरा पावसाळा गेला. आता ती सगळ्या पाड्याला देते. पाड्यावरच्या बायांनी करून पाहिलं, पण त्यांचं पाणी सुटतं. "कमूचं दोनदा फुटलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यात मोठा अभिमान होता.

परतीच्या वाटेवर भास्करचे पाय दुखत नव्हते, त्यामुळे विचार करायला त्याला सगळी वाट मोकळी होती. कसोटीचं उत्तर त्याला मिळालं होतं. वस्तू नवी होती. सहज सुचण्यासारखी तर मुळीच नव्हती. शेकडो बायांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पांढरं हातांवर पाहिलं होतं आणि सुचलं एकीलाच. मुंबईच्या त्या सॉलिसिटरकडे जेवढे कागद त्याने उतरवले त्यांतल्या निम्म्या वस्तूंमध्ये याच्या पावपट डोकं नव्हतं. पण हे खरं लिहिलं की मक्ता द्यावा लागणार होता, आणि अर्ज उत्तमशेठचा होता. मग पोशीलाच तिचं मलम करायची बंदी.

दुसऱ्या दिवशी त्याने कारभाऱ्यांना, नाव न घेता, विचारून पाहिलं की शोधणारा अर्जदाराहून वेगळा निघाला तर काय करायचं. कारभारी म्हणाले, "मग त्याने अर्ज करावा. दोन साक्षीदार, कृती लेखी, आणि हा अर्ज निकालात निघायच्या आत. महिनाभर थांबतो मी." उत्तर सरळ होतं. वाट मोकळी होती.

म्हणजे भास्करने पुन्हा वांगणीला जायचं, पोशीचा अंगठा घ्यायचा, देवरामची साक्ष घ्यायची, अर्ज स्वतःच्या हाताने लिहायचा आणि उत्तमशेठच्या विरुद्ध उभं राहायचं. उत्तमशेठच्या दुकानातून त्याच्या घरी सगळं सामान येत असे. शिवाय तपास करणाऱ्या कारकुनाने दुसऱ्याच अर्जदाराचा अर्ज लिहून द्यावा, हे कचेरीत कसं दिसेल? आठवडाभर पाऊस एकसारखा कोसळत होता. ओढे भरले होते. पुढल्या आठवड्यात जाऊ, असं त्याने ठरवलं. त्या आठवड्यात संस्थानच्या जमाबंदीचे कागद आले. तिसऱ्या आठवड्यात त्याला एक दुसरी युक्ती सुचली आणि ती इतकी सोपी होती की आधी कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटलं.

मलम सर्वांना ठाऊक आहे असं लिहायचं. मक्ता कुणालाच नाही. पोशी पूर्वीसारखं करील, देईल, विकील. तिचं नाव कागदावर आलंच नाही म्हणजे तिला कसला त्रासही नाही.

त्याने अहवाल लिहिला. मुंबईला शिकलेलं सगळं त्यात उतरलं. तेल, मेण व निवळी हे तीनही पदार्थ त्वचेच्या विकारांवर पूर्वापार वापरात आहेत. तेल व निवळी यांचं मिश्रण घरोघरी भाजण्यावर लावतात. त्यात मेण घालणे हे कुणाही जाणत्या माणसाला सहज सुचावे असे आहे. शेवटी त्याने लिहिलं, 'सदरहू मलम वांगणी गावी समक्ष जाऊन पाहिले. डोंगरातील कोणतीही बाई ते सहज करते. यात शोध असा काहीच नाही.' वाचून पाहताना शेवटचं वाक्य त्याला जरा बोचलं. पण वाक्य नेटकं उतरलं होतं आणि ते काढलं असतं तर परिच्छेद लंगडा झाला असता.

कारभाऱ्यांनी अहवाल दोनदा वाचला. असा कागद या कचेरीत आजवर झाला नाही म्हणाले. अर्ज नामंजूर झाला. भास्करने घरी जाऊन जानकीला सांगितलं की आज आपल्या हातून एका गरीब बाईचं भलं झालं. ते त्याला खरंच वाटत होतं.

उत्तमशेठ रागावेल असं त्याला वाटलं होतं. उत्तमशेठ चार दिवसांनी हसत हसत आला आणि निकालाची नक्कल घेऊन गेला. मक्ता मिळाला असता तर दरबारला दरसाल काही द्यावं लागलं असतं, करार पाळावा लागला असता. आता कुणाला काही विचारायचं कारण राहिलं नव्हतं. दिवाळीच्या आत त्याने दोन मोठी तांब्याची पातेली आणली, चार माणसं ठेवली. डोंगरातलं मेण मोठ्या प्रमाणावर उचलायला लागला. डब्यांवर नाशकाहून छापून आणलेला कागद चिकटवला. त्यावर एका डोंगरातल्या बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पिढ्यान्‌पिढ्या डोंगरवासी वापरीत आलेले. जव्हार दरबारच्या तपासात सिद्ध.' दरबारचं नाव असलेली डबी इंग्रजी मुलखात मोखाड्यालाही गेली, त्र्यंबकेश्वरापर्यंत गेली. भास्करने ती पहिल्यांदा जानकीच्या फडताळात पाहिली. वरचा कागद वाचून त्याने ती परत जागेवर ठेवली.

माघात एका दुपारी पोशी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली. शिपायाने हटकलं तरी उठली नाही. भास्कर बाहेर आला. तिच्याबरोबर चैती होती. पोशीने सांगितलं की मोखाड्याच्या बाजारात तिचे द्रोण आता कोणी घेत नाही. त्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. डबीवर चित्र आहे, लोक चित्राला भुलतात. पण गेल्या बाजारी एका दुकानदाराने तिला सगळ्यांसमोर सांगितलं की हे तू काढलंस असं काय सांगत फिरतेस, हे डोंगरातल्या कुठल्याही बाईला येतं, तसं जव्हारच्या कागदात लिहिलंय. माणसं हसली. तिला तो कागद ऐकायचा होता.

भास्कर म्हणाला, त्या कागदात तुझं काही नाही. ती म्हणाली, वाच. तो दप्तरातून नक्कल घेऊन आला आणि ओट्यावर उभं राहून त्याने ती वाचली. सोपं करून सांगायला लागला तर तिने नको म्हटलं. कागदात हाय तसं वाच. शेवटचं वाक्य त्याने भरभर वाचलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

"माझं नाव नाय त्यात?"

"मुद्दाम घातलं नाही. एकीलाच येतं असं लिहिलं असतं तर मक्ता उत्तमशेठला मिळाला असता. तुला करायची बंदी झाली असती. तुझ्या भल्यासाठी केलं मी ते."

 पोशीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी नीट समजून घेत असल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत होती.

"मना इचारलं असतंस," ती म्हणाली. "मी म्हंटलं असतं, देऊन टाक त्याला. पन पोशीनं काढलं असं लिही. तुला मी पाय दाखवला होता."

भास्करने अर्जाचं सांगितलं नाही. महिन्याची मुदत होती, कारभारी थांबले होते, आपण पुन्हा येणार होतो, यातलं काहीच त्याने सांगितलं नाही. ओढे भरले होते हे मात्र त्याच्या तोंडून गेलं, आणि कसले ओढे असं चैतीने विचारलं तेव्हा काही नाही म्हणाला. त्या दोघी उठल्या. अंधार पडायच्या आत त्यांना वांगणीची निम्मी वाट तरी तोडायची होती, त्यामुळे त्या थांबल्या नाहीत.

पुढल्या श्रावणात देवराम पाटील कचेरीत कसल्याशा कामाला आला. भास्करने त्याला चिखल्यांचं विचारलं. देवराम आधी टाळत होता. मग त्याने सांगितलं की पोशीने मलम करणं सोडलं. रागावून भांडून नव्हे, सोडलं, एवढंच. पाड्यावरच्या बाया मागायला गेल्या तर ती म्हणते, ते डोंगरातल्या कोणत्याही बाईला येतं, सरकारी कागदात लिहिलंय, तुमी करा. चैतीला येतं, पण आईच्या शब्दाबाहेर ती जात नाही. बाया तिची थट्टा आहे असं समजल्या, मग ती खरंच देत नाही असं दिसल्यावर उत्तमशेठची डबी आणायला जव्हारला यायला लागल्या. डबीतलं पूर्वीसारखं राहत नाही. मोहाच्या तेलात तो आता कसलंसं स्वस्त तेल मिसळतो. काहींनी घरी करून पाहिलं. कमूने निवळीऐवजी तळाचा चुनाच घातला. तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी गेली आणि ती आता बसून सरकते.

"पोशी तिला बघायला गेली होती?" भास्करने विचारलं.

"रोज जाते. पाय धुते तिचे. पन मलम नाय करत." देवराम म्हणाला. "कमूचा नवरा म्हंतो, पोशी मागल्या वर्सापावेतो अशी नव्हती."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण आठ दिवसांनी भास्करने एक कागद लिहिला. आधीचा अहवाल चुकीचा आहे. सदरहू मलम वांगणी येथील पोशी हिने स्वतःच्या कल्पनेने, तीन वर्षं खपून, स्वतःच्या पायावर इजा सोसून शोधलं आहे. ते सर्वांना येत नाही, हे वांगणी गावी समक्ष पाहिले. नीट न करता आल्याने इजा होते. ते सहज सुचण्यासारखं नव्हतं. त्याने तिचं नाव तीनदा लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. नकलेसाठी कागद दुसऱ्या कारकुनाकडे न देता तो स्वतःच आत घेऊन गेला.

कारभाऱ्यांनी कागद वाचला. मग जुनं दप्तर मागवून आधीचा अहवाल काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. ते कठोर माणूस नव्हते. त्यांना खरोखरच काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. बाईचं नाव या दप्तरात लावायला आपली काही हरकत नाही, असंही ते म्हणाले. फक्त एका गोष्टीचा उलगडा झाल्याशिवाय त्यांना कागद दाखल करून घेता येत नव्हता.

"भास्करराव, दोन्हींत तुम्ही 'समक्ष पाहिले' असं लिहिलंय," ते म्हणाले. "एका कागदात तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत, तेव्हाच्या तरी किंवा आताच्या तरी. तेव्हाचा असेल तर मला नाइलाजाने तुमच्यावर कारवाई करावी लागेल, कारण त्यावर दरबारचा निकाल झालाय. आताचा असेल तर कागद परत घ्या, मी तो पाहिला नाही असं समजतो. बाईची दया आली असेल, माणूस आहे. सांगा, कुठला?"

भास्करला घर दिसलं. जानकी दिसली. धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. मुंबईची नोकरी सुटून अकरा वर्षं झाली होती आणि आता तिथे कोणी ओळखलं नसतं. हे सगळं अगदी खरं होतं आणि तरी ते त्याच्या मनात जरा जास्तच पटकन आलं, हे त्याचं त्यालाच कळलं.

"आताचा," तो म्हणाला.

कारभाऱ्यांनी मान हलवली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. पुढचा अर्ज मोखाड्याच्या रस्त्याच्या दुरुस्तीचा होता. भास्करने दौत पुढे ओढली आणि कारभारी सांगतील तसं तो लिहून घेऊ लागला.